तळ्यांच्या गावाला जाताय? बिशोफ्तूबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी इथिओपियातल्या बिशोफ्तू गावाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तुमची इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं पान त्यालाच देतेय. मी अदिस अबाबाला चार वर्षं शिकवायला होते आणि तिथनं बिशोफ्तू जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, त्यामुळे कितीतरी शनिवार-रविवार त्या तळ्यांच्या काठावर गेलेत. जे स्वतः बघितलंय आणि ज्याची खात्री आहे तेवढंच सांगते.

ताई, फोटो बघितले तर अगदी आमचं लोणारच वाटलं. तिथेही उल्का पडली होती का? आणि एकाच गावात इतकी तळी म्हणजे इतक्या उल्का पडल्या कशा? (मेहकरहून एक वाचक)

काका, तुम्हालाच हा प्रश्न पडणार! मीही पहिल्यांदा होरा तळ्याच्या कडेवर उभी राहिले तेव्हा लोणारच आठवलं, तसाच गोल वाडगा, तशाच उभ्या कडा, खाली हिरवट पाणी. पण जन्म अगदी उलटा आहे बघा. लोणारला वरनं उल्का आदळली आणि आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. बिशोफ्तूला जे झालं ते खालनं झालं. तिथून पूर्व आफ्रिकेची मोठी खचदरी जाते, जमीन ताणली जातेय, तप्त शिलारस वर यायला बघतो आणि वाटेत त्याला भूजल लागतं. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर कसं तडतडतं, तेच जमिनीखाली कोंडलेल्या जागेत झालं तर काय होईल? वाफेचा प्रचंड स्फोट होतो, वरची जमीन उडते, गोल खड्डा पडतो आणि मग त्यात पाणी साठतं. अशा तळ्याला भूशास्त्रात मार म्हणतात. ज्वालामुखीच्या पट्ट्यात असे स्फोट वेगवेगळ्या जागी होत राहतात म्हणून एका गावाभोवती इतकी तळी.

आता तळी म्हणजे कोणती तर बिशोफ्तू, होरा, बाबोगाया, गावाबाहेर किलोले आणि आरेनगुआदे, शिवाय कुरिफ्तू आणि चेलेक्लेका. यातली सगळीच स्फोटातून झालेली नाहीत, चेलेक्लेका उथळ आहे, पाऊस संपला की पाणी आटत जातं आणि पक्षी उतरतात. पण लोणारच्या माणसाने बघायलाच हवं ते आरेनगुआदे, याचा अर्थच हिरवं. पाणी खारं, सोड्याचं, आणि त्यात स्पिरुलिना नावाचं शेवाळ इतकं की तळं हिरव्या रंगासारखं दिसतं आणि ते खायला रोहित पक्षी येतात. लोणारच्या पाण्यातही हेच स्पिरुलिना सापडतं, ही किती जिव्हाळ्याची गोष्ट आहे!

आणि एक सांगते, कारण मला ते मनापासून लागलं. किलोलेचं पाणीही असंच खारं होतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी शेतीच्या पाण्यासाठी जवळच्या नदीचं पाणी त्यात वळवलं, खारेपणा उतरला आणि ते हिरवं शेवाळ, त्याच्यावर जगणारं सगळं, काही वर्षांत बदलून गेलं. शेतकऱ्यांना पाणी हवंच होतं, त्यात चूक काय म्हणायचं, पण खाऱ्या तळ्यात गोडं पाणी गेलं की तळंच दुसरं होतं. लोणारला जे कोणी काम करतायत त्यांनी किलोलेची गोष्ट जरूर वाचावी असं मला वाटतं.

नकाशात कुठे देब्रे झेइत लिहिलंय, कुठे बिशोफ्तू. दोन गावं आहेत का? (ठाण्याहून एक वाचक)

एकच गाव. बिशोफ्तू हे मूळचं ओरोमो नाव, ओरोमो म्हणजे त्या भागातला मोठा समाज आणि त्यांची भाषा. सम्राट हैले सेलासींच्या काळात ते बदलून देब्रे झेइत केलं, म्हणजे ऑलिव्हचा डोंगर, बायबलमधलं नाव. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जुनं नाव परत आलं. अदिसमधली वयस्कर माणसं अजून देब्रे झेइतच म्हणतात. तुम्ही बिशोफ्तू म्हणा, तिथल्या ओरोमो माणसाच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

मुलगा अदिसला नोकरीला आहे. आम्ही दोघं ६८ आणि ६४, शाकाहारी. दोन दिवस बिशोफ्तूला जायचं म्हणतोय. झेपेल का, खायचं काय? (पुण्याहून एक काकू)

काकू, अगदी बिनधास्त झेपेल. उलट अदिसला उंचीमुळे धाप लागते तशी इथे कमी लागेल, कारण हे गाव साधारण १९०० मीटरवर म्हणजे अदिसपेक्षा खाली आहे. अदिस ते अदामा टोलचा मोठा हायवे २०१४ला झाला, त्यावरनं गाडीने जा, अदिसच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडलात की पुढे तास लागत नाही. महामार्गाचा कंटाळा आला तर जुन्या रस्त्याने या, गावं लागतात, गाढवांवर गवत लादून नेणारी माणसं दिसतात.

राहायला तळ्याकाठी रिसॉर्ट भरपूर, कुरिफ्तू तळ्यावरचं सगळ्यात नावाजलेलं. शनिवार-रविवारी अदिसची सगळी माणसं, लग्नाचे फोटो काढणारी जोडपी, कंपन्यांच्या मीटिंगा, सगळं तिथेच येतं, म्हणून जमलं तर मंगळवार-बुधवार बघा. पण माझी कळकळीची विनंती आहे, दोन दिवस रिसॉर्टच्या खुर्चीतच घालवू नका! आमच्या ओळखीचे कितीतरी लोक बिशोफ्तूला जाऊन आले आणि त्यांनी एकच तळं पाहिलं, तेही जेवणाच्या टेबलावरनं. सकाळी लवकर बाबोगायाच्या कडेला चालून या, एवढे पक्षी असतात की बोलायचं सुचत नाही. दुपारी बिशोफ्तू तळ्याच्या वरच्या कडेवर कॉफी घ्या, तिथून खाली बघितलं की तळं किती खोल बसलंय ते कळतं. आभाळ स्वच्छ असेल तर दक्षिणेला झुक्वाला डोंगर दिसतो, जवळजवळ तीन हजार मीटरचा विझलेला ज्वालामुखी, त्याच्याही माथ्यावर तळं आहे आणि काठाला जुना ख्रिस्ती मठ. चढायचं नाही तुम्ही, पण बघा नक्की.

आता खाणं. शाकाहारी माणसाची इथिओपियात चैन आहे, फक्त एक शब्द पाठ करायचा, त्सोम, म्हणजे उपास. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, अंडं, लोणी काहीच खात नाहीत, शिवाय ईस्टरआधी ५५ दिवसांचा मोठा उपास. त्यामुळे उपासाचं ताट जवळपास सगळीकडे मिळतं, त्याला म्हणतात बेयाईनेतू. इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीसारखी मोठी गोल चकती, तिच्यावर छोटे छोटे ढीग, मिसिर म्हणजे मसुरीची तिखट डाळ, गोमेन म्हणजे पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजराची हळद घातलेली भाजी आणि शिरो. शिरो नाव ऐकून गोड समजू नका हं, ते हरभऱ्याच्या पिठाचं आपलं पिठलंच, फक्त त्यात बेरबेरे नावाचा लाल मसाला, आणि ते मातीच्या भांड्यात रटरटत येतं. मी पहिला घास घेतला आणि मला आईची आठवण आली. इंजेराचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात, चव आंबोळीपेक्षा आंबट, काकांना पहिल्या दिवशी आवडणार नाही, दुसऱ्या दिवशी मागून खातील. कांदा-लसूण मात्र भरपूर असतो, ते चालत नसेल तर आधी विचारा.

जेवणानंतर कॉफी म्हणजे तासाभराचा कार्यक्रम असतो. खाली हिरवं गवत पसरतात, बिया समोर भाजतात, धूप लावतात आणि तीन वेळा कॉफी येते, अबोल, तोना, बरका. पहिली पिऊन उठू नका, बरका म्हणजे आशीर्वाद, तो घेऊनच उठायचं.

पिवळ्या तापाची लस मात्र निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि सर्टिफिकेट जपून ठेवा, भारतात परत येताना ते मागतात, नसेल तर थेट क्वारंटाइन. मलेरियाचं डॉक्टरांना विचारून घ्या. आणि बिशोफ्तू ज्यात येतं त्या ओरोमिया भागातली परिस्थिती मधूनमधून बिघडते, तेव्हा निघायच्या आठवड्यात भारतीय दूतावासाची सूचना वाचा आणि मुलाला तिथल्या सहकाऱ्यांना विचारायला सांगा.

पोहता येतं का? (कोल्हापूरहून एक वाचक)

दादा, पंचगंगेत पोहलेल्या माणसाला मोह होणारच, पण मी नको म्हणेन. कडा उभ्या उतरतात, काठापासून चार पावलांवर पाय टेकत नाही, बिशोफ्तू तळं तर ८० मीटरच्या पुढे खोल आहे. जिथे रिसॉर्टवाले लक्ष ठेवायला आपली माणसं ठेवून पाण्यात सोडतात तिथेच उतरा, नाहीतर होडीत बसा.

या खोलीचीच आणखी एक गोष्ट. वर्षभर वरचं पाणी उबदार आणि हलकं राहतं, खालचं थंड, जड, आणि त्यात प्राणवायू जवळपास नसतो. डिसेंबरच्या आसपास रात्री गारठा वाढला आणि वारा सुटला की वरचं पाणी थंड होऊन खाली जातं, तळचं वर येतं आणि कधीकधी एका सकाळी तळ्यावर मेलेले मासे तरंगताना दिसतात. नवखा माणूस म्हणतो कुणी विष घातलं, तसं नेहमी नसतं, तळंच उलटतं.

हेच ते गाव ना जिथे विमान पडलं? मिस्टर म्हणतात नको जायला. (नागपूरहून एक वाचक ताई)

हो ताई, ते हेच. १० मार्च २०१९, अदिसहून नैरोबीला निघालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं ३०२ क्रमांकाचं विमान उड्डाणानंतर सहा मिनिटांत बिशोफ्तूजवळच्या शेतात कोसळलं. १५७ माणसं गेली, कुणीच वाचलं नाही, त्यात चार भारतीय होते. पाचच महिन्यांपूर्वी इंडोनेशियात त्याच बनावटीचं, बोइंग ७३७ मॅक्स, विमान पडलं होतं. दोन्ही वेळा एका सेन्सरच्या चुकीच्या माहितीवरून विमानातली यंत्रणा नाक खाली खाली दाबत राहिली. जगभर ती विमानं उभी केली गेली आणि अमेरिकेत २०२०च्या नोव्हेंबरमध्ये बदल करूनच परत परवानगी मिळाली. तेव्हा भीती वाटणं साहजिक आहे, पण दोष त्या गावाचा नव्हता, वैमानिकांचाही नाही.

त्या आसपासच्या खेड्यातल्या बायांनी कधी न पाहिलेल्या माणसांसाठी रडून शोक केला. मरणारे कुठल्या देशाचे, कुठल्या धर्माचे, त्यांना ठाऊक नव्हतं. मला त्या मातीबद्दल फार आदर वाटतो.

तिथे तळ्याची पूजा करतात असं वाचलं. आपण गेलं तर चालतं का? (लोणारहून एक वाचक)

तो सण म्हणजे इरेचा, ओरोमो लोकांचा आभार मानायचा दिवस. पावसाळा संपला, नद्या उतरल्या, माणसं एकमेकांना परत भेटायला लागली, त्याबद्दल वाका म्हणजे देवाचे आभार. सप्टेंबरच्या शेवटी मेस्केल हा ख्रिस्ती सण होतो, त्यानंतरच्या रविवारी लाखो माणसं होरा तळ्याशी जमतात, हल्ली आदल्या दिवशी अदिसमध्येही इरेचा होतो. पुढे अब्बा गदा म्हणजे गदा या ओरोमोंच्या पारंपरिक कारभाराच्या व्यवस्थेतले प्रमुख आणि हातात सिंके नावाची काठी घेतलेल्या बायका, सगळे पांढऱ्या कपड्यात, हातात ओलं गवत आणि पिवळी फुलं. ती पाण्यात बुडवायची आणि अंगावर शिंपडायची, एवढंच. पूजा तळ्याची नाही हो, तळ्याशी उभं राहून देवाची, हा फरक ते लोक आवर्जून सांगतात. वेळही बघा ना, आपलं नवरात्र बऱ्याचदा त्याच दिवसांत, तुमच्याकडे कमळजादेवीला तळ्याकाठी गर्दी आणि आपल्या दारात झेंडू. पिवळं फूल आणि संपलेला पाऊस, मला दरवर्षी तिथे घरचा वास यायचा.

पण याच काठावर २ ऑक्टोबर २०१६ला फार वाईट झालं. सरकारविरोधी घोषणा सुरू झाल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गर्दी सैरावैरा पळाली आणि माणसं खंदकात पडून चिरडली. सरकारने पन्नासच्या पुढे आकडा सांगितला, विरोधकांनी कितीतरी जास्त. त्यामुळे तिथल्या माणसाला इरेचा म्हटलं की आनंद आणि दुःख दोन्ही आठवतात. पाहुण्यांना मज्जाव नाही, उलट हाताला धरून पाण्यापर्यंत नेतात, पण ओळखीच्या ओरोमो घराबरोबर जा, गर्दीच्या कडेने राहा, आणि कुणाच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा नेण्याआधी विचारा.

हॉटेलच्या माणसाने मेसेज केला, गाडी सकाळी तीनला येईल. एवढ्या पहाटे? (नाशिकहून एक वाचक)

नाही दादा, झोपा निवांत! तिथे दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, त्यामुळे त्यांचे तीन म्हणजे आपले नऊ. बहुतेक तुमची गाडी नऊलाच आहे, पण काही हॉटेलवाले परदेशी माणसाला आपल्या घड्याळाने सांगतात, म्हणून प्रत्येक वेळी हबेशा वेळ की फेरेंजी वेळ एवढं विचारून घ्या, हबेशा म्हणजे तिथले, फेरेंजी म्हणजे आपण बाहेरचे. आणि नाशिकचे आहात म्हणून सांगते, वाटेत आदाआ भागातली तेफची शेतं लागतील, इंजेराचं धान्य तेच, दाणा जेमतेम मिलिमीटरभर, खसखशीसारखा. गावातल्या शेती संशोधन केंद्रातून निघालेल्या तेफच्या वाणांच्या क्रमांकात देब्रे झेइतची दोन अक्षरं असतात, आणि तिथे हरभऱ्यावरही काम चालतं. ऑक्टोबरमध्ये गेलात तर तेफ अजून हिरवं असेल, नोव्हेंबरच्या शेवटी गेलात तर कापणी आणि बैलांच्या पायांखालची मळणी बघायला मिळेल.