ह्यूमस, जमीन आणि क्ष्मा

प्रश्न असा आहे: ‘ह्यूमसला मराठीत काय म्हणावं? शाळेच्या विज्ञानात “कुथित मृदा” आहे, शेतीच्या जाहिरातींत “ह्यूमस खत”, कुणी “जीवद्रव्य” म्हणतं. हा शब्द ह्युमिडिटीवरून, म्हणजे ओलाव्यावरून आला का? आणि तो ह्यूमस की ते ह्यूमस?’

‘ह्यूमस खत’ आधी निकालात काढू, कारण ते रोज कानावर पडतं. पानं, मुळं, शेण मातीत जिरून शेवटी उरणारा सेंद्रिय अंश म्हणजे ह्यूमस; तो पोत्यात भरून मिळत नाही. शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत हा त्याचा कच्चा किंवा अर्धा तयार माल. मातीत पडल्यावर त्यातला थोडा भाग ह्यूमस होतो, बाकीचा हवेत जातो. बाटलीतलं ह्युमिक अ‍ॅसिडही ह्यूमस नव्हे. ते बहुधा लिग्नाइटच्या जातीच्या कोळशातून अल्कलीने काढलेलं असतं. ‘जीवद्रव्य’ हा शब्द जीवशास्त्राने पेशीतल्या द्रव्यासाठी केव्हाच घेतला आहे, तो इथे नको. आणि ‘हमस’ लिहू नये. हमस ही हरभऱ्याची अरबी चटणी, आणि त्या अरबी शब्दाचा अर्थच हरभरा.

आता ओलावा. इथे नातं उलटं आहे. लॅटिनमध्ये ओल्याला मुळात ‘उमिदुस’ म्हणत, त्यात ‘ह’ नव्हता. जमीन ओलसर असते म्हणून लोकांनी ‘हुमुस’चा ‘ह’ त्याला चिकटवला आणि ‘हुमिदुस’ झालं. म्हणजे ह्युमिडिटीतून ह्यूमस आलेला नाही, ह्युमिडिटीतला ‘ह’ तेवढा ह्यूमसकडून आला आहे. पिकांची मुळं खाणारी आपली हुमणी अळीही या घरातली नव्हे. कच्च्या शेणाच्या ढिगात हुमणीचे भुंगेरे अंडी घालतात, त्यामुळे दोन्ही शब्द शेतात शेजारी ऐकू येतात, पण ध्वनी जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

खरी सोयरीक ऐका. लॅटिन ‘हुमुस’चा अर्थ साधा आहे: भुई, जमीन. कुजलेल्या सेंद्रिय अंशासाठी तो राखून ठेवला तो अठराव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी. आणि ‘हुमुस’ व ‘जमीन’ हे एकाच धातूचे शब्द आहेत! जमीन आपल्याकडे फारसीतून आली. फारसीत ती ‘ज़मीन’, पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तात, ‘ज़म्’. लॅटिनचा ‘ह’ आणि इराणी ‘ज़’ एकमेकांसमोर कसे उभे राहतात हे पाहायचं तर थंडीचे शब्द घ्या: संस्कृत हिम, लॅटिन ‘हिएम्स’ म्हणजे हिवाळा, फारसी ‘ज़मिस्तान’ म्हणजेही हिवाळा. तेच नियम, तेच ध्वनी. मराठी माणूस ‘जमीन’ उच्चारताना च्-छ् च्या वर्गातला शुद्ध तालव्य ज न लावता दातांमागचा ज लावतो, तो त्या इराणी ज़च्या जवळचा आहे.

संस्कृतातही हे घराणं आहे. वैदिक शब्दांची जुनी यादी म्हणजे निघंटू, ती पृथ्वीच्या एकवीस नावांनी सुरू होते: गौः, ग्मा, ज्मा, क्ष्मा, क्षा, क्षमा... ग्मा, ज्मा, क्ष्मा ओळीने म्हणून पाहा, एकाच शब्दाची जीभ कशी वळत गेली ते तोंडातच कळतं. अमरकोशातही ‘क्ष्मा’ आहे. ग्रीकमध्ये हेच ‘ख्थोन’, आणि ‘खमाइ’ म्हणजे जमिनीवर. कॅमोमाईल हे त्यातलंच ‘भुईसफरचंद’.

इथे परंपरेशी माझा सरळ विरोध आहे. पृथ्वी सगळं सोसते, ‘क्षमते’, म्हणून तिला क्षमा म्हणतात, ही व्युत्पत्ती प्रवचनांपासून शब्दकोशांपर्यंत सगळीकडे सापडते. ती सुंदर आहे आणि चूक आहे. भुईचा हा शब्द ग्रीक, लॅटिन, अवेस्ता, लिथुआनियन, रशियन अशा सगळ्या भावंडांत आहे आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी सोसण्याचा अर्थ नाही. भुई हा अर्थ आधीचा. माझा तर्क असा की, क्षम् हा सोसण्याचा धातू ध्वनीने जवळचा निघाला, म्हणून पृथ्वीला सोसण्याचा गुण बहाल झाला, आणि मग ‘सर्वंसहा’सारखी नावं त्याच वाटेने आली.

लॅटिन ‘होमो’ म्हणजे माणूस, तोही याच मातीचा: भुईवरचा. आणि ‘हुमारे’ या क्रियापदाचा अर्थ पुरणं. त्याला मराठीइतका तंतोतंत प्रतिशब्द क्वचितच कुठल्या भाषेत असेल: माती देणं. गावाकडे ‘मातीला जाऊन आलो’ म्हणतात, ते रोमन माणसाला न समजावता समजलं असतं.

आता ‘कुथित मृदा’. दोन्ही शब्द चुकले आहेत. ह्यूमस ही मृदा नव्हे, तो मृदेतला अंश आहे; आपल्या कोरडवाहू जमिनींत तर वजनाने शंभरात एक-दोन भागही नसतो. आणि कुथित? संस्कृत धातूंची जुनी यादी म्हणजे धातुपाठ, त्यात ‘कुथ पूतीभावे’ असं स्पष्ट दिलं आहे. पूती म्हणजे दुर्गंधी. ज्याला घाण येते ते कुथित. ह्यूमसला घाण येत नाही, आणि हीच तर त्याची ओळख! ज्या ढिगाला सडका वास येतो तिथे हवा पोचलेली नाही, जिथे नाकात अमोनिया झोंबतो तिथे नत्र उडून चाललं आहे. दोन्हींत ह्यूमसचं काम बिघडलेलं असतं. ‘कूज’ सुचवणाऱ्यांनी आलं-हळदीची कंदकूज आणि मूळकूज आठवावी. शेतकऱ्याला तो रोग वाटतो, आणि योग्यच वाटतो.

मराठीत या क्रियेला जवळचं क्रियापद आहे ते मुरणं. लोणच्याच्या बरणीत पहिल्या दिवशी फोड वेगळी, मोहरी वेगळी, मीठ वेगळं असतं. मुरल्यावर वेगळं काढता येत नाही. मातीतही असंच होतं. पानं, मुळं, धसकटं पडली की बुरशी आणि जिवाणू आधी साखर-पिष्ट संपवतात, त्याला दिवस किंवा आठवडे पुरतात. मग प्रथिनं आणि सेल्युलोज. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन शेवटपर्यंत चिवट राहतं, ते मुख्यतः बुरशीच फोडते. या सगळ्यात वर्षभरात दोन तृतीयांश किंवा जास्त कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उरतं ते बरंचसं मूळ पान नसतंच; ते खाणाऱ्या सूक्ष्मजीवांची मेलेली शरीरं आणि अर्धवट फुटलेले अवशेष चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतात. तिथे जिवाणूंचे विकर पोचत नाहीत, म्हणून ते शेकडो वर्षं टिकू शकतं.

जुन्या पुस्तकांत ह्यूमस म्हणजे लिग्निनपासून बनलेले मोठाले काळे रेणू, त्यांचे ह्युमिक, फल्विक, ह्युमिन असे तीन भाग, असं दिलेलं असतं. २०१५ साली योहानेस लेमान आणि मार्कस क्लेबर यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं की असे रेणू मातीत तसे बसलेले नसतात, अल्कलीने काढण्याच्या पद्धतीमुळे ते दिसतात. हे मला पटतं. पण त्यावरून ‘ह्यूमस हा शब्दच टाकून द्या’ म्हणणारे पटत नाहीत. शब्द त्या रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीपासून आहे, एक सिद्धान्त पडला म्हणून भुईचं नाव पुसायचं कारण नाही.

मुरण्याचं गणित नत्रावर चालतं. सूक्ष्मजीवांच्या शरीरात कर्ब आणि नत्र ८:१ च्या आसपास, मुरलेल्या ह्यूमसमध्ये १० ते १२:१. उसाच्या पाचटात मात्र ते १००:१ च्या घरात जातं. शंभर किलो पाचटात कर्ब ४० किलो, नत्र जेमतेम ४०० ग्रॅम. जिवाणूंना ते पुरत नाही, मग ते जमिनीतलं नत्र ओढतात आणि उभं पीक पिवळं पडतं. म्हणून टनभर पाचटाला सुमारे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कंपोस्ट संवर्धक, म्हणजे पाचट कुजवणारे सूक्ष्मजीव, टाकायचं, आणि ओल राखायची. प्रमाण २५ ते ३०:१ च्या खाली असेल, जसं हिरवळीच्या खतासाठी पेरलेल्या ताग-धैंचाचं कोवळेपणी असतं, तर वरून नत्र लागत नाही. धैंचा फुलावर येऊन जून झाला की लिग्निन वाढतं आणि तोच फायदा हातचा जातो.

‘सेंद्रिय कर्ब ०.५ म्हणजे ह्यूमस अर्धा टक्का’ हीही नेहमीची चूक. माती परीक्षणातला आकडा बहुधा वॉक्ली आणि ब्लॅक यांच्या १९३४ च्या पद्धतीचा असतो: पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाने कर्ब जाळून मोजायचा. चाळणीतून गेलेला मुळाचा तुकडाही त्यात मोजला जातो, ह्यूमस वेगळा होत नाही. सेंद्रिय पदार्थ हवा असेल तर १.७२४ ने गुणा, म्हणजे ०.५ चे ०.८६ टक्के. हा आकडा वाढवणं किती चिवट काम आहे तेही पाहा. हेक्टरभर जमिनीचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे २२ लाख किलो. त्यात कर्ब ०.१ टक्का वाढवायचा म्हणजे २,२०० किलो टिकाऊ कर्ब हवा. १० टन शेणखतात निम्मं पाणी धरलं तर कर्ब १,५०० किलोच्या आसपास, त्यातला वर्षानंतर ५०० किलो उरला तरी चांगलं. म्हणजे दरवर्षी तेवढं टाकूनही चार वर्षांहून जास्त, तेही जुना कर्ब तेवढ्यात झिजला नाही तर. आपल्या उन्हात तो झिजतोच.

काळ्या रंगावरून ह्यूमस ओळखू नका. दख्खनची काळी माती बरेचदा कर्बाने गरीब असते. तिथे चिकणमातीला चिकटलेला थोडासाच ह्यूमसही गडद रंग देतो. कोकणातली जंगलाखालची लाल जांभी माती अनेकदा तिच्याहून समृद्ध निघते. खरी परीक्षा पाण्यात होते. वाळलेलं आवळ्याएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात अलगद सोडा. बुडबुडे येऊन दोन मिनिटांत त्याचा गाळ झाला तर कणांना बांधणारं काही उरलेलं नाही. तसंच राहिलं आणि पाणी नितळ राहिलं तर मातीत बांधणी आहे. तीच बांधणी पावसात वरचा थर फुटू देत नाही आणि पाणी खाली जिरू देते. पोषक आयन धरून ठेवण्यातही किलोला किलो ह्यूमस चिकणमातीच्या पुढे आहे, जांभ्या मातीतल्या केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या तर कितीतरी पट.

राहिला मूळ प्रश्न. ह्यूमस हाच शब्द वापरा. जमीन चालते तर तिचं भावंड का नको? क्रियापद ‘मुरणं’ वापरा, ‘कुथित’ सोडा. लिंग पुल्लिंगी: ‘ह्यूमस तयार होतो’. ‘ते ह्यूमस’ हे ‘ते खत’च्या सवयीने येतं आणि जुनी गल्लत परत आणतं. तो ह्यूमस, जसा जमिनीचा तो कस.