‘त्या तासाभरात त्याचा श्वास कोण मोजणार?’

नवजात बाळाच्या शस्त्रक्रियेपूर्वी जे आईवडील माझ्याकडे येतात, त्यांची चिंता बहुधा एकच असते: एवढ्याशा जिवाला भूल सोसेल का, आणि पुढे त्याच्या मेंदूवर परिणाम तर होणार नाही ना? हा प्रश्न इतक्या वेळा कानावर पडला आहे की त्याचे एक तयार उत्तर माझ्या जिभेवर असे. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण ते पुरे का पडत नाही हे मला एका आईमुळे उमगले. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून तिची हकीकत येथे लिहीत आहे.

तिचा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला होता आणि काही आठवडे काचेच्या पेटीत राहून घरी आला होता. दहा आठवड्यांचा असताना त्याच्या जांघेत हर्नियाची गाठ दिसू लागली. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांत हा हर्निया बराच आढळतो, आणि त्यात आतडे अडकण्याचा धोका असल्याने शस्त्रक्रिया फार लांबवता येत नाही.

पहिल्या भेटीत मी नेहमीचेच सांगितले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेला इशारा तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांपेक्षा अधिक काळ किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल होता. त्यानंतर २०१९ मध्ये सात देशांतील सातशेहून अधिक बाळांच्या अभ्यासाचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष आले. त्या बाळांची शस्त्रक्रियाही नेमकी हर्नियाचीच होती. साधारण तासाभराची पूर्ण भूल घेतलेली मुले आणि जागे ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर केलेली मुले यांच्या बुद्धिमापनात फरक आढळला नाही. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले, आणि उठता उठता विचारले, “पण भूल उतरेल ना, मॅडम?”

दुसऱ्या भेटीला तिच्या सासूबाईही आल्या. “इतक्या लहानाला दुखणं कुठे कळतं? भुलीशिवाय नाही का होणार?” असे त्यांनी विचारले. हा समज एकेकाळी वैद्यकातही होता आणि नवजात बाळांवर अगदी तुटपुंज्या भुलीत शस्त्रक्रिया होत असत. कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की अकाली जन्मलेल्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेसे वेदनाशामक दिले, तर शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही घटते. आजींना ते पटले. आई मात्र बाळाच्या छातीवरून हात न काढता बसून होती.

तो हात मी पहिल्या भेटीतही पाहिला होता, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. तिसऱ्या भेटीत मी उत्तरे देणे थांबवले आणि विचारले, “रात्री तुम्ही काय करता?”

“याच्या छातीवर हात ठेवून पडते. श्वास मोजते. मध्येच थांबतो हो. मी पाच-सहा मोजेपर्यंत थांबतो, मग पुन्हा चालू होतो.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “तिथे मला आत येऊ देणार नाहीत. मग त्या तासाभरात त्याचा श्वास कोण मोजणार?”

तिला औषधाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती पहाऱ्याची जागा सोडण्याची. आपण सहज म्हणतो, “काळजी करू नका.” ज्या आईने जन्मापासून काळजी हेच काम मानले आहे, तिला या शब्दांतून आपण ते काम टाकून द्यायला सांगत असतो. माझी अशी धारणा आहे, आणि बऱ्याच वर्षांच्या कामानंतर ती अधिकच पक्की झाली आहे, की आईच्या काळजीचे समाधान करत बसण्यापेक्षा त्या काळजीला उपचारात जागा करून द्यावी.

म्हणून मी तिला भूलतज्ज्ञ नेमके काय करतात ते सांगितले. तान्ह्या बाळाला किलोमागे मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट प्राणवायू लागतो, पण फुप्फुसांतील साठा तुटपुंजा असतो. त्यामुळे श्वास अडला तर प्राणवायू काही क्षणांतच घसरतो. त्याचे हृदय प्रत्येक ठोक्याला फारसे अधिक रक्त ढकलू शकत नाही, म्हणून ठोके मंदावणे हीच धोक्याची खूण मानली जाते. बाळ कुडकुडून ऊब निर्माण करू शकत नाही. खांद्यांमधल्या आणि मानेजवळच्या तपकिरी चरबीवर त्याची मदार असते, आणि भुलीत तीही नीट साथ देत नाही. यासाठी खोली आधीच गरम केली जाते आणि डोक्याला टोपी घातली जाते. यकृत आणि मूत्रपिंडे अजून पक्व नसल्याने औषधाची मात्रा वजनावरून मोजून, जपून दिली जाते. “बोटाला लावलेल्या यंत्राचा आवाज प्राणवायू उतरला की खाली येतो,” मी म्हटले, “आणि भूलतज्ज्ञाचा कान सतत त्या सुराकडे असतो.”

“म्हणजे मी रात्री करते तेच?”

“तेच. पण ज्यांच्या हाती तो असेल, त्यांना तुमच्याइतका तो माहीत नाही.”

तेव्हा तिने पिशवीतून एक वही काढली. दूध, शी-शू, झोप, सारे वेळेसह लिहिलेले होते. दोन ठिकाणी शब्दांवर इतकी काट मारलेली होती की कागद फाटायला आला होता. दूध पिताना श्वास थांबून ओठ निळसर झाल्याच्या त्या नोंदी होत्या. आपलेच पाजणे चुकले असे वाटून तिने ते कोणालाही सांगितले नव्हते. त्याच दिवशी मी तिची बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्याशी भेट घडवून आणली. काट मारलेल्या ओळी भूलतज्ज्ञ बाईंनी उजेडात धरून वाचल्या, बाळाचे हिमोग्लोबिन तपासायला सांगितले आणि शस्त्रक्रिया काही दिवस पुढे ढकलली. अकाली जन्मलेल्या बाळांत भुलीनंतर श्वास थांबण्याचा धोका असतो आणि रक्त कमी असेल तर तो वाढतो, त्यामुळे त्या दोन ओळी मोलाच्या होत्या. त्या वहीपर्यंत पोचता आले याचे मला आजही समाधान वाटते.

ज्यांच्या बाळाची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनी भूलतज्ज्ञांना आधी भेटण्याचा आग्रह जरूर धरावा. बाळ कितव्या आठवड्यात जन्मले, श्वास कधी थांबला होता का, सर्दी-ताप आहे का, घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे, आणि स्वतःची चूक वाटणारी गोष्ट तर सर्वांत आधी सांगावी. उपाशी ठेवण्याच्या वेळा लिहून घ्याव्यात. आईच्या दुधासाठी बहुधा चार तास आणि वरच्या दुधासाठी सहा तास सांगितले जातात. त्याहून अधिक वेळ आपल्या मनाने उपाशी ठेवू नये, कारण तान्ह्या बाळाचा साखरेचा साठा लवकर संपतो.

शस्त्रक्रियेनंतर बाळाला रात्रभर यंत्राच्या देखरेखीखाली ठेवले होते. दुसऱ्या दिवशी तिने मला वही दाखवली. रात्रीच्या पानावर श्वासांच्या आणि दुधाच्या नोंदी परिचारिकेच्या अक्षरात होत्या, आणि पहाटे पाचपासून पुढे तिच्या स्वतःच्या.