वाणिज्य कचेरीला काय विचारावं

प्रिय मित्रा,

परदेशातल्या आपल्या दूतावासाच्या वाणिज्य कचेरीला तू पाठवलेली मेल वाचली. ‘आमचं उत्पादन दर्जेदार आहे, तिथल्या आयातदारांची यादी मिळावी.’ यादी आली, तिच्यातल्या एकाही आयातदाराने उत्तर दिलं नाही, आणि आता ‘सरकारी मदत म्हणजे नुसता कागद’ असं तुझं मत झालंय. पण तू मागितलंस ते तुला मिळालं. मागायला हवं होतं ते निराळंच.

त्या खुर्चीवरच्या माणसाचं काम आधी समजून घे. कॅनडाने १८९४ साली जॉन शॉर्ट लार्क यांना सिडनीसाठी व्यापार प्रतिनिधी नेमलं. या कामाचा गाभा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. माणूस त्या बाजारात राहतो, तिथली माणसं ओळखतो, आणि तुझ्यासारख्याला तिकडची हवा कळवतो. तुझा माल विकणं हे त्याचं काम नाही. शेकडो कंपन्यांच्या मेल त्याच्याकडे येतात. मोघम प्रश्नाला तो मोघमच उत्तर देणार, यात त्याचा काय दोष?

म्हणून जे इथे बसून कळतं ते त्याला विचारू नकोस. मालाचा एचएस कोड, म्हणजे जागतिक वर्गवारीतला त्याचा क्रमांक, पक्का कर. ही वर्गवारी १९८८पासून लागू आहे आणि तिचे पहिले सहा अंक ती मानणाऱ्या सगळ्या देशांत सारखेच असतात. त्यापुढचे अंक ज्याचे त्याचे, आणि आयातशुल्क बहुधा तिथेच ठरतं. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ‘ट्रेड मॅप’वर कोणता देश हा माल कुठून किती घेतो ते दिसतं. युरोपसाठी ‘अॅक्सेसटूमार्केट्स’ हे पोर्टल आहे. नवे तांत्रिक नियम येऊ घातले की ‘ईपिंग’ या संकेतस्थळावरून सूचना मिळते.

मग विचार ते, जे आकड्यांत सापडत नाही. उत्पादनाची सरकारी नोंदणी लागत असेल तर ती कुणाच्या नावावर होते, माझ्या की आयातदाराच्या? या एका प्रश्नाकडे नवखे बघतच नाहीत. सौंदर्यप्रसाधनं किंवा वैद्यकीय उपकरणांसारख्या मालात अनेक देशांत स्थानिक जबाबदार कंपनी लागते. ती कंपनी म्हणजे तुझा वितरक असेल, आणि नोंदणी त्याच्या नावावर असेल, तर पुढे त्याच्याशी बिनसल्यावर माल तुझा आणि बाजाराची किल्ली त्याच्या खिशात. दुसरा वितरक नेमायचा तर नोंदणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागू शकते. करारावर सही करण्याआधी हे विचारलंस तर उत्तर एका फोनवर मिळतं.

तसंच, मोठी दुकानं थेट आयात करतात की घाऊक व्यापाऱ्याकडून घेतात? उधारी साधारण किती दिवसांची? आणि सगळ्यात मोलाचा प्रश्न: हा माल इथे चालणार नाही असं तुम्हाला वाटतं का, आणि का? अधिकारी सभ्य असतात, आपणहून नाही म्हणत नाहीत. त्यांना ‘नाही’ म्हणायची मोकळीक दे. तिकीट आणि तिकडच्या प्रदर्शनातल्या स्टॉलचे पैसे वाचतील.

एखादा खरेदीदार गळाला लागला की त्याची चौकशी करून घे. अमेरिकेची ‘कमर्शियल सर्व्हिस’ आपल्या निर्यातदारांना परदेशी कंपनीचा पार्श्वभूमी अहवाल देते, आणि ‘गोल्ड की’ नावाच्या सेवेत पारखून निवडलेल्या लोकांशी भेटी ठरवून देते. दोन्हींना शुल्क आहे. तुला फुकटाचं आकर्षण फार, म्हणून मुद्दाम सांगतो. शुल्काच्या सेवेत कुणीतरी तुझ्याच कामासाठी फोन फिरवतं. तुझ्या देशात अशी सोय आहे का, ते विचार.

निर्यातदारांसाठीच्या सरकारी अनुदानाबद्दल थोडक्यात. बहुतेक योजनांत आधी खर्च तू करायचा, बिलं जोडायची, मग काही हिस्सा परत मिळतो. मंजुरीआधी केलेला खर्च बऱ्याचदा धरत नाहीत. तेव्हा परताव्याच्या भरवशावर स्टॉल बुक करू नकोस. मालाची किंमत उतरवायला सरकार पैसे देईल ही आशाही सोड. निर्यातीच्या अटीवर दिलेली अनुदानं जागतिक व्यापार संघटनेच्या करारात, गरीब देशांच्या सवलती सोडल्या तर, निषिद्ध आहेत.

पतविमा, म्हणजे उधारी बुडाली तर भरपाई देणारा विमा, मात्र जरूर घे. ब्रिटनने १९१९ साली त्यासाठी सरकारी विभाग सुरू केला, आज बहुतेक निर्यातदार देशांत अशी व्यवस्था आहे. खरेदीदार बुडाला किंवा त्याच्या देशाने परकीय चलन अडवलं तर आधार मिळतो. पण ‘माल खराब निघाला’ अशी तक्रार त्याने केली, तर तो वाद मिटेपर्यंत विमा कंपनी सहसा पैसे देत नाही. म्हणून माल जहाजावर चढण्याआधी तपासणीचा दाखला घ्यावा.

पेरूमधल्या निर्यातदार कंपन्यांच्या आकडेवारीवर २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकारी निर्यात प्रोत्साहनाचा फायदा मुख्यतः नवे देश आणि नवी उत्पादनं जोडण्यात दिसला, आहे तीच निर्यात वाढवण्यात कमी. मला ते पटतं. जुन्या गिऱ्हाइकाला तू स्वतः सांभाळतोसच, अनोळखी दारावर मात्र सोबत लागते.

आणि एक. भेटी झाल्यावर काय झालं ते त्या अधिकाऱ्याला दोन ओळींत कळव, ऑर्डर मिळाली नसली तरी. त्यालाही वरच्यांना हिशेब द्यायचा असतो, आणि कळवणारे फार थोडे असतात. पुढच्या वेळी तुझी मेल तो आधी उघडेल.

तुझा,
काका