मेटल ट्रंकिंगमध्ये २० आणि २५ मिमी कंड्युटसाठी स्वच्छ भोकं पाडायला काय घ्यावं: होल सॉ, स्टेप ड्रिल की पंच?

थोडीच भोकं पाडायची असतील तर सरळ स्टेप ड्रिल (पायऱ्या असलेलं, शंकूच्या आकाराचं ड्रिल) घ्या. ट्रंकिंगचा, म्हणजे वायरी नेणाऱ्या चौकोनी नळीचा, पत्रा एक-दीड मिमीचा. त्यात साधं जाड ड्रिल घातलं की टोक आरपार होताच ते अडकतं, पत्रा ओढतं आणि भोक गोल न होता तिकोनी होतं. स्टेप ड्रिल पायरीपायरीने भोक वाढवतं, म्हणून ते गोलच राहतं. हवी ती पायरी पार झाली की पुढच्या पायरीची कड पत्र्याला नुसती टेकवा, वरची बर (कडेला उरलेली धारदार कोर) तिथेच निघून जाते. जोर मात्र आवरा. एक पायरी जास्त उतरली तर २० चं भोक २२ चं होतं आणि ते परत लहान करता येत नाही. मी हव्या पायरीच्या लगेच वर मार्करने गोल रेघ मारतो.

घेताना पायऱ्यांची मापं वाचा. २० चा कंड्युट (वायरींचा गोल पाइप) किंवा ग्लँड (केबल भोकात घट्ट धरणारा जोड) अगदी २० च्या भोकात सहज जात नाही, थोडी जागा लागते. ग्लँडच्या मापांची स्टेप ड्रिलं मिळतात, त्यात २०.५ आणि २५.५ अशा पायऱ्या असतात. ती घ्या.

एकाच मापाची पुष्कळ भोकं असतील, किंवा ३२ च्या पुढचं माप असेल, तर बाय-मेटल होल सॉ (वाटीसारखी गोल करवत) बरा. लोक तो जळवतात ते स्पीडमुळे. २०-२५ मिमीला ३००-४०० आरपीएम पुरे, वर कटिंग ऑइलचे दोन थेंब. हॅमर मोड बंद हवा, हे सांगायला नको, पण सांगतो. पत्र्यामागे लाकडाचा ठोकळा घट्ट धरला तर पायलट ड्रिल (सॉच्या मधलं बारीक ड्रिल) लाकडात रुतून राहतं आणि सॉ नाचत नाही.

सगळ्यात देखणं भोक पंचचं. मधला बोल्ट आवळत गेलं की पत्र्याची चकती कापून निघते आणि चुरा जवळजवळ होतच नाही. जिथे आत वायरी किंवा पॅनल आधीच आहे तिथे मला तोच पसंत. पण बोल्टसाठी आधी छोटं भोक पाडावंच लागतं, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना हात पोहोचावा लागतो, आणि चार भोकांसाठी तो विकत घेणं परवडत नाही. भाड्याने मिळाला तर बघा.

आत वायरी असतील तर आधी सप्लाय बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि वायरी झाका. चुरा फुंकू नका, तो वायरींतच घुसतो, व्हॅक्यूमने ओढा.

भोक कशानेही पाडा, आतली कड अर्धगोल कानशीने मोडावीच लागते, कारण वायर घासते ती तिथेच. मग जुनं कापड कडेवरून फिरवा. धागा अडकला तर अजून कानस मारा. उघड्या पडलेल्या धातूला झिंकचा पेंट लावा. कंड्युट न जोडता नुसत्या वायरी जाणार असतील तर ग्रोमेट किंवा बुश (भोकाच्या कडेवर बसवायचं संरक्षक कडं) हवाच.

भोकं आखतानाच आणखी एक बघा: एका सर्किटची फेज आणि न्यूट्रल एकाच भोकातून गेली पाहिजेत. लोखंडी पत्र्यात ती वेगवेगळ्या भोकांतून नेली तर एडी करंटमुळे (चुंबकक्षेत्राने पत्र्यातच फिरणाऱ्या करंटमुळे) भोकांभोवतीचा पत्रा तापतो, आणि करंट जास्त असेल तर चांगलाच तापतो.