पप्पा म्हणतात, चष्म्याच्या दुकानात बसायला एवढं शिकलीस का?

या वेळचं पत्र लातूरच्या एका मुलीचं आहे. पत्र मोठं होतं म्हणून आधी थोडक्यात सांगते. बारावी २०२४ ला झाली, नीटला तेव्हा ३९१ आले, मग एक वर्ष ड्रॉप घेतला, क्लास लावला, आणि २०२५ ला ४१८. ओपन कॅटेगरी, सरकारी एमबीबीएस नाही. पप्पांचं म्हणणं अजून एक ड्रॉप घे, नाहीतर बीएएमएस घे पण नावापुढे डॉक्टर लागलंच पाहिजे. तिला मात्र बी. ऑप्टोम, म्हणजे ऑप्टोमेट्रीची, नजर तपासून नंबर काढायच्या शास्त्राची डिग्री करावीशी वाटतेय, मामाचं उदगीरला चष्म्याचं दुकान आहे, सुट्टीत ती तिथे बसते आणि तिला ते आवडतं. हे घरी बोलल्यावर पप्पा जे बोलले ते मी वर टायटलमध्येच घातलंय. शेवटी तिने विचारलंय, "मॅडम, मी हरले म्हणून हे निवडतेय की मला खरंच हवंय, हेच मला कळत नाहीये."

बाळा, तुझ्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य हेच आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

आधी मार्कांचं. ३९१ वरून ४१८ म्हणजे वर्षभर घासून फक्त २७ मार्क वाढले असं तू लिहिलंस आणि त्यावर स्वतःला बरंच काही बोललीस. पण २०२४ ला मार्कांची नुसती खैरात झाली होती आणि २०२५ चा पेपर, त्यातही फिजिक्स, इतकं अवघड होतं की देशात पहिल्या आलेल्या मुलालासुद्धा ७२० पैकी ६८६ च होते. त्यामुळे ही दोन वर्षं मार्कांवर तोलायचीच नाहीत, रँक बघायची, आणि तुझी रँक कितीतरी वर आलीय. म्हणजे तू हरलीयेस वगैरे काही नाही, आणि पप्पा जे म्हणतायत की अजून एका वर्षात होईल, ते अगदीच हवेतलं नाहीये. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण "आता माझ्याच्याने एमबीबीएस होणारच नाही" या समजातून तू ऑप्टोमेट्री घेऊ नयेस. होऊ शकतं. २०-२२ लाख मुलं बसतात, एमबीबीएसच्या सीट्स सरकारी-खाजगी सगळ्या धरून सव्वा लाखाच्या आसपास, तरी होऊ शकतं. प्रश्न तुला ते हवंय का हा आहे.

मी तुझं पत्र तीन वेळा वाचलं. "डॉक्टर" हा शब्द त्यात पाच ठिकाणी आहे आणि पाचही ठिकाणी तो पप्पांच्या तोंडचा आहे. तुझं स्वतःचं जे आहे ते सगळं मामाच्या दुकानातलं आहे, लेन्स मीटरमध्ये जुन्या चष्म्याचा नंबर कसा बघायचा हे तू दोन दिवसात शिकलीस ते, एक आजोबा पोथी वाचता येईना म्हणून आले होते ते, आणि फिजिक्स नको वाटतं पण ऑप्टिक्सचा धडा तेवढा कथा वाचावी तसा वाचला, हे. आता हे शेवटचं तू असंच जाता जाता लिहिलंस, पण माझ्यासाठी पत्रातली मोठी गोष्ट तीच आहे. ऑप्टोमेट्रीचं पहिलं-दुसरं वर्ष बऱ्यापैकी त्याच धड्यावर उभं असतं. तू नीटला जे सूत्र पाठ केलंस, पॉवर म्हणजे एक भागिले मीटरमधली फोकल लेंग्थ, तेच तिथे माणसाला लावायचं, मायनस चार नंबरवाल्याला चष्म्याशिवाय नाकापासून २५ सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं, त्यापुढे सगळं धूसर, हे त्या गणितातूनच येतं.

पण मामाचं दुकान म्हणजे ऑप्टोमेट्री नाही, हे पण नीट समजून घे, नाहीतर पप्पांची आणि तुझी चूक एकच होईल. चष्मा विकणारा, फ्रेम बसवणारा तो ऑप्टिशियन. ऑपरेशन करणारे, औषध देणारे ते नेत्रतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएस आणि मग डोळ्यांचं एमएस. ऑप्टोमेट्रिस्ट या दोघांच्या मध्ये. नजर मोजणं, नंबर काढणं, दोन्ही डोळे एकत्र काम करतात का ते बघणं, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं, ज्यांची नजर चष्म्यानेही सुधारत नाही अशांना भिंग-दुर्बिणीने वाचायला शिकवणं, आणि काचबिंदू किंवा डायबेटिसचा पडद्यावरचा परिणाम दिसला की वेळेत डॉक्टरांकडे पाठवणं.

एक घरातलं सांगते. माझ्या बहिणीचा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा त्याचा डावा डोळा आत वळायला लागला, चित्रं बघताना तर जास्तच. एका दुकानात नेलं, त्यांनी मशीनसमोर बसवलं, चिठ्ठी निघाली, पाऊण नंबरचा चष्मा दिला. डोळा तसाच. सासरचे म्हणायला लागले तिरळा आहे, मोठा झाला की ऑपरेशन करू. मग आम्ही त्याला एका मोठ्या नेत्र रुग्णालयात नेलं, तिथे डॉक्टरांनी आधी घरी तीन दिवस डोळ्यांत मलम लावायला सांगितलं आणि चौथ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत एका ऑप्टोमेट्रिस्ट मुलीने, असेल तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, त्याला माझ्या मांडीवर बसवून तपासलं. हातात रेटिनोस्कोप, त्याची उजेडाची रेघ ती त्याच्या बाहुलीवरून हळूहळू इकडून तिकडे फिरवायची, दुसऱ्या हाताने ट्रायल बॉक्समधली एकेक काच काढून डोळ्यासमोर धरायची, परत रेघ, परत दुसरी काच, आणि तोंडाने त्याच्याशी हत्तीची गोष्ट चालू. अर्धा-पाऊण तास. नंबर निघाला प्लस पाच. लहान मुलं डोळ्याच्या आतल्या स्नायूवर जोर देऊन प्लस नंबर झाकून टाकतात, मशीनला तो दिसत नाही, आणि त्या जोरानेच डोळा आत ओढला जातो. मलमाने तो स्नायू सैल पडला म्हणून खरा नंबर सापडला. चष्मा लागला आणि महिन्याभरात चष्मा घातलेला असला की डोळा सरळ. ऑपरेशन लागलं नाही. सगळ्याच तिरळ्या मुलांचं असं होत नाही, काहींना ऑपरेशन लागतंच, पण याचं झालं, आणि उशीर झाला असता तर तो डोळा आळशी पडला असता. त्या खोलीतून बाहेर येताना मी त्या मुलीचे हात धरले होते.

हे पप्पांना वाचून दाखव. चष्म्याच्या दुकानात बसणं आणि हे, यात किती फरक आहे ते त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, त्यांचा दोष नाही.

आता दुसरी बाजू, ती पण स्पष्टच सांगते. माझ्याकडून मार्गदर्शन घेऊन ऑप्टोमेट्रीला गेलेल्या मुलांना सुरुवातीला महिना पंधरा-वीस हजारच मिळाले, पुण्या-मुंबईत थोडे जास्त, पण तिथे भाड्यात जातात. बरीच मुलं चष्म्याच्या मोठ्या चेनमध्ये लागतात आणि तिथे नजर तपासण्यासोबत फ्रेम किती विकल्या याचं टार्गेट असतं, काहींना ते सहन होत नाही. हॉस्पिटलमध्ये दिवसाला पन्नास-साठ पेशंटचं रिफ्रॅक्शन, म्हणजे नंबर काढणं, "हे स्पष्ट की हे स्पष्ट" तेच तेच, पाय दुखतात. नावापुढे डॉक्टर लावायचं नाही, लग्नाच्या स्थळात लोकांना डिग्री समजावून सांगावी लागते. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, तसली सरकारी पदं आहेत पण कमी आहेत, त्या भरवशावर राहायचं नाही. आणि बी. ऑप्टोम करून मागच्या दाराने एमबीबीएसला जाता येत नाही, कुणी एजंट तसं सांगत असेल तर त्याचा फोन उचलू नकोस. परदेशाचंही तसंच, अमेरिकेत प्रॅक्टिस करायची तर तिथली ओडीची, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्रीची डिग्री वेगळी करावी लागते, इथल्या डिग्रीवर थेट लायसन मिळत नाही.

पुढे ज्यांचं चांगलं झालं त्यांनी एक काहीतरी धरलं. कुणी मास्टर्स केलं दोन वर्षं, कुणी फक्त लहान मुलांचं, कुणी केराटोकोनसच्या, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा टोकदार होत जातो त्या आजाराच्या, पेशंटना बसवायच्या स्क्लेरल लेन्स, म्हणजे मोठ्या कॉन्टॅक्ट लेन्स. माझी एक विद्यार्थिनी तालुक्याच्या गावी स्वतःचं क्लिनिक चालवते, आठवड्यातून एकदा नेत्रतज्ज्ञ तिच्याकडे येतात, आणि आता गावातले लोक आधी तिला विचारतात. मुलांचे मायनस नंबर जसे वाढतायत, २०५० पर्यंत जगातली निम्मी माणसं मायनस नंबरवाली असतील असा २०१६ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, ते बघता काम कमी पडणार नाही.

एमबीबीएसचा हिशोब पण मांड. पुढच्या वर्षी लागलं तर तू वीस वर्षांची असशील, साडेपाच वर्षं इंटर्नशिपसकट, सरकारीतून केलं तर वर्षभर बाँडची सेवा, मग पीजीची परीक्षा, ती एका फटक्यात निघेल असं नाही, आणि डोळ्यांचं एमएस तीन वर्षं. तिशी उजाडते. ऑप्टोमेट्री आतापर्यंत साधारण चार वर्षं, शेवटचं इंटर्नशिपचं. पण नुसत्या वर्षांवर ठरवू नकोस हं, ज्याला ऑपरेशन करायची ओढ आहे त्याला तिशी लवकरच वाटते. डॉ. तात्याराव लहाने तुमच्याच लातूर जिल्ह्यातले, मोतीबिंदूची लाखावर ऑपरेशन्स केली, २००८ ला पद्मश्री मिळाली. पप्पांच्या डोळ्यासमोर तेच असणार आणि त्यात चूक काहीच नाही. तसं व्हायचं असेल तर रस्ता एकच, एमबीबीएस आणि मग एमएस. बीएएमएसलाही साडेपाच वर्षंच लागतात, आयुर्वेदाची खरी आवड असेल तर जरूर घे, शालाक्यतंत्रात पुढे डोळे-कान-नाक येतंच, पण केवळ डॉक्टर लागावं म्हणून नको. तसं घेतलेली मुलं दुसऱ्या वर्षी माझ्यासमोर येऊन रडतात, मी पाहिलीयेत.

म्हणून काय करायचं ते सांगते. लातूरमध्येच एखाद्या डोळ्यांच्या हॉस्पिटलला पप्पांना घेऊन जा आणि चार दिवस बसायची परवानगी माग, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. दोन दिवस ऑप्टोमेट्रिस्टच्या खोलीत एका कोपऱ्यात उभी राहा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कंटाळा येईपर्यंत. दोन दिवस डॉक्टरांच्या ओपीडीत, आणि त्यांनी हो म्हटलं तर मोतीबिंदूचं एक ऑपरेशन स्क्रीनवर बघ. घरी आल्यावर रात्री आईला काय सांगावंसं वाटतं ते बघ, त्या ऑपरेशनचं की त्या काचांचं. ऑपरेशनचं असेल तर पप्पांचं ऐक आणि पूर्ण जीव लावून ड्रॉप घे, अर्धवट मनाने नको.

माझं मत विचारशील तर मला वाटतं तू काचांचंच सांगशील. तसं असेल तर ऑप्टोमेट्री घे, पण कुठेही नाही. जिथे स्वतःचं नेत्र रुग्णालय आहे किंवा मोठ्या हॉस्पिटलशी खरं जोडलेलं आहे, तिथेच. चेन्नईला शंकर नेत्रालयाचं एलिट स्कूल १९८५ पासून आहे, हैदराबादला एल. व्ही. प्रसाद, आणि हैदराबाद तर तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ पडतं, पुण्यात भारती विद्यापीठ, मुंबईत लोटस. प्रवेशाची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते आणि तारखा लवकर संपतात, म्हणून आजच फोन लाव. २०२१ च्या कायद्याने ऑप्टोमेट्रीसकट या सगळ्या आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आलाय, त्यामुळे अभ्यासक्रमाचे आणि प्रवेशाचे नियम बदलतायत, तेही कॉलेजलाच विचार. डिग्री कुठल्या विद्यापीठाची, दिवसाला ओपीडी किती, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पेशंटला हात लावू देतात का, हे विचारल्याशिवाय फी भरू नका. पत्रव्यवहाराने किंवा शनिवार-रविवार शिकवून डिग्री देतो म्हणणाऱ्यांकडे तर फिरकूच नका.

भाऊ, आता दोन शब्द तुमच्याशी. तुम्ही पोरीसाठी दोन वर्षं क्लासची फी भरलीत, डबा पोचवलात, तुमचा राग मला कळतो. पण ती सोपं काहीतरी शोधतेय असं मला तिच्या पत्रात कुठेच दिसलं नाही. तिने लिहिलंय की तुम्ही हल्ली मोबाईल हात लांब करून वाचता आणि डोकं दुखतं म्हणून पेपर अर्ध्यावर ठेवता. म्हणजे तुम्हाला चाळीशी लागलीय आणि तुम्ही ती अंगावर काढताय. हॉस्पिटलला जाल तेव्हा तिला कोपऱ्यात उभी राहू द्या आणि खुर्चीत तुम्ही बसा, केसपेपर तुमच्या नावाचा काढा. नंबर काढून होईपर्यंत ती काय बघतेय, काय विचारतेय, तेवढं ऐका. मग घरी जाऊन दोघं बोला, आणि काय ठरलं ते मला कळवा.