छाट काढतो तो मालक
(‘कामाचं बोला’: वाचकांची पत्रं आणि उत्तरं)

या महिन्यात चार पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी रागवू नये.

ताई, लग्न होऊन आले तेव्हापासून मी विड्या वळते. थोरला मुलगा हॉटेलातलं जेवण घरोघरी पोचवतो. त्यासाठी हप्त्यावर गाडी घेतली. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं तक्रार केली आणि त्याचा आयडी बंद झाला. कचेरी कुठं आहे हेच त्याला ठाऊक नाही, नुसते मेसेज येतात. भांडायला गेला तर म्हणतात, तू आमचा कामगार नाहीस, पार्टनर आहेस. माझं निदान विडीचं कार्ड आहे, पीएफ कापतात. त्याच्याकडं काय आहे?
– एक आई, विडी घरकुल, कुंभारी

अक्का, तुमचा पीएफ कापला जावा म्हणून जे भांडण झालं, तेच आता तुमच्या मुलाच्या वाट्याला आलंय. म्हणून आधी तुमच्याबद्दल बोलते.

तुमच्या सासूच्या काळात विडी कारखानदारांचं म्हणणं असं असायचं: बाई स्वतःच्या घरी बसते, सवडीनं वळते, घरातल्या पोरी हातभार लावतात, आमचा माणूस तिच्या डोक्यावर उभा नसतो. मग ती आमची कामगार कशी? त्यात मधे ठेकेदार. पानं-तंबाखू त्याच्या हातून यायची, विड्या त्याच्या हातून जायच्या आणि जबाबदारी कुणाचीच नसायची. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्यात घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं गेलं. कारखानदार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 1974 साली कोर्टानं कायदा उचलून धरला. 1977 मध्ये विडी धंद्याला पीएफ लागू झाला, तर परत कोर्ट! तो निकाल 1985 साली लागला.

या दुसऱ्या निकालातली एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे. घरी बसलेल्या बाईवर कारखानदाराचं नियंत्रण असतं हे ठरवायचं कशावरून? कोर्टानं बोट ठेवलं ते छाटेवर, म्हणजे नापसंत विड्या बाजूला काढण्यावर. वळून आणलेल्या विड्या तपासायच्या आणि पसंत नसतील त्या नाकारायच्या, हा हक्क कारखानदाराकडं आहे, म्हणजे कामावर ताबाही त्याचाच आहे, असं कोर्टानं म्हटलं.

मी युनियनच्या कचेरीत पीएफचे फॉर्म भरायला बसायची, तेव्हा बायका पीएफपेक्षा छाटेबद्दलच जास्त बोलायच्या. रात्री पानं भिजवायची, सकाळी साच्यावर कातरायची, सूप मांडीवर घेऊन हजाराचा आकडा गाठायचा, आणि ब्रँचवर, म्हणजे विड्या जमा करायच्या जागी, चेकर मूठभर विड्या बाजूला सारणार. साधारण पाच टक्क्यांच्या वर छाट काढू नये असं नियमात होतं, पण चेकरच्या टेबलावर नियमाचं पुस्तक कधी कुणी पाहिलंय? पानं कमी पडली की पदरच्या पैशानं आणायची, ते वेगळंच. ज्या छाटेनं या बायकांना आयुष्यभर नाडलं, तीच कोर्टात त्यांच्या बाजूची साक्षीदार झाली. मला याचं अजून नवल वाटतं.

आता मुलाकडं बघा. पानं-तंबाखूच्या जागी त्याला ऑर्डर मिळते. दर कंपनी ठरवते. गिऱ्हाईक कोण, कुठल्या हॉटेलातून उचलायचं, किती मिनिटांत पोचायचं, हेही कंपनीच ठरवते. गिऱ्हाईक चांदण्या देतं, चांदण्या कमी झाल्या की ऑर्डरी कमी होतात, आणि एक दिवस आयडीच बंद. ही छाटच झाली, फक्त इथं विडीऐवजी माणूस बाजूला सारतात. फरक अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. तो एका वेळी दोन ॲपवर काम करू शकतो, एखाद्या दिवशी फोन बंद ठेवून लग्नाला जाऊ शकतो. पण इन्सेंटिव्हसाठी ठरावीक तास ऑनलाइन राहावंच लागतं, आणि हप्ता त्या इन्सेंटिव्हवरच चालतो हे तुम्हालाही माहीत आहे.

विलायतेत हाच वाद टॅक्सीच्या ॲपवरून झाला. 19 फेब्रुवारी 2021 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं उबरच्या ड्रायव्हरना कामगार ठरवलं. कारणं वाचताना मला आपल्या ब्रँचची आठवण झाली: भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनीच्या, फेऱ्या नाकारल्या की शिक्षा, रेटिंग खाली गेलं की काम बंद. करारात ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असं लिहिलेलं कोर्टानं महत्त्वाचं मानलं नाही.

आपल्याकडं कायद्यानं निराळी वाट धरली, आणि मला ती पटलेली नाही. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 साली मंजूर झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द पहिल्यांदा कायद्यात आले. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची, मात्र कामगारांना दिलेल्या पैशाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ठीक, काहीतरी आलं. पण व्याख्याच अशी केली आहे की हे काम नेहमीच्या मालक-नोकर नात्याच्या बाहेरचं आहे. म्हणजे 1966 मध्ये तुम्हाला जे दार उघडलं, ते तुमच्या मुलासाठी आतून लावून घेतलं आणि खिडकीतून थोडा निधी दिला.

शेजारच्या राज्यानं याहून बरं केलंय. तुमचा मुलगा विजापुरात डबे पोचवत असता तर कर्नाटकाच्या 2025 च्या कायद्याप्रमाणे कंपनीला त्याला लेखी कारण आणि चौदा दिवसांची आगाऊ नोटीस द्यावी लागली असती. कुणाच्या जिवाला धोका झाला असेल तर गोष्ट वेगळी. असा कायदा देशात सगळ्यात आधी राजस्थाननं 2023 साली केला. आणि आपण? महाराष्ट्रानं 1969 साली माथाडी कायदा करून देशाला वाट दाखवली होती. मार्केट यार्डातला हमाल सकाळी एका अडत्याचा माल उतरवतो, दुपारी दुसऱ्याचा. मग त्याचा मालक कोण? कायद्यानं त्या वादात न शिरता मंडळ काढलं. मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, व्यापाऱ्यांनी मंडळात भरायची, मंडळानं हमालाला पगार, पीएफ, बोनस द्यायचा. ‘अनेक मालक आहेत म्हणून एकही जबाबदार नाही’ ही सबब अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनं तेव्हाच मोडली होती. ॲपवाल्यांनी ती नव्यानं शोधल्यासारखी पुढं केली आहे. माथाडी मंडळातही घोळ आहेत, मला माहीत आहेत, पण घोळ मंडळाच्या कारभारात आहेत, कल्पनेत नाहीत.

आता मुलानं काय करायचं ते सांगते. आयडी बंद झाल्याचा मेसेज, दर आठवड्याच्या कमाईचे आकडे, गिऱ्हाइकाची तक्रार, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर ठेवायचे, कारण ॲप उघडेनासं झालं की पुरावाही गेला. ॲपमध्ये जिथं तक्रार करता येते तिथं लेखीच करायची, फोनवर बोलणं झालं तरी नंतर ते लिहून पाठवायचं. ई-श्रम या सरकारी पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंद करून घ्यायची. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा कामगारांना ओळखपत्र आणि आयुष्मानचे उपचार जाहीर झाले, आणि त्यासाठी ही नोंद लागते. बँकेत जाऊन वीस रुपयांचा अपघात विमा चालू आहे का तेही बघायचं. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं संरक्षण मिळतं आणि दिवसभर गाडीवर असणाऱ्या पोराकडं ते नसावं हे बरं नाही. आणि जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथं बाईमाणसाला उत्पन्न न विचारता मोफत सल्ला मिळतो. तुम्ही सोबत जा.

ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या एकाच शेडमध्ये बावीस वर्षं जॉबर आहे, लूम दुरुस्त करून चालते ठेवतो. वय सत्तेचाळीस. मालक साधे लूम भंगारात काढून रॅपिअर, म्हणजे नवे ऑटोमॅटिक लूम आणतोय. म्हणतो, चारच माणसं लागतील. हिशोबाचं विचारलं तर म्हणाला, तुझं नाव कुठल्या कागदावर आहे दाखव.
– एक जॉबर, अशोक चौक

मालकानं विचारलेला प्रश्न तुम्ही त्यालाच परत विचारा, कारण उत्तर तुमच्याकडं आहे.

आपल्याकडं एक शेड आणि चार नावं असतात: एक स्वतःचं, एक भावाचं, एक बायकोचं, एक वारलेल्या वडिलांचं. दहा माणसं झाली की ग्रॅच्युइटी लागते, वीस झाली की पीएफ, म्हणून प्रत्येक नावावर सात-आठच दाखवायची. पण शेड एक, माल एक, जॉबर एक आणि पगार वाटणारा हात एक असेल तर ती आस्थापना एकच धरता येते. पीएफच्या कायद्यात तशी सोय आहे. तुमच्याकडं काय काय आहे ते शोधा: ईएसआयचं (कामगार विम्याचं) जुनं कार्ड, बाकी म्हणजे उचल घेतल्याची वही, दिवाळीच्या बोनसची पाकिटं, एखाद्या दिवाळीला यंत्रापुढं काढलेला फोटो. जॉबर चारही नावांच्या लूमवर फिरतो, त्यामुळं शेड एकच असल्याचा सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही स्वतःच आहात.

रकमेचा अंदाज देते. ग्रॅच्युइटी म्हणजे महिन्याच्या पगाराला सव्वीसनं भागायचं, पंधरानं आणि मग वर्षांनी गुणायचं. पगार पंधरा हजार धरला तर बावीस वर्षांचे 1 लाख 90 हजारांच्या वर होतात. कपात करताना एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, ही भरपाई वेगळी. नव्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी पंधरा दिवसांचा पगार नवं कौशल्य शिकण्यासाठी मालकानं भरायचा असतो, तोही मागा. कोऱ्या कागदावर सही करू नका. ‘सगळं मिळालं’ असं लिहिलेल्या कागदावर तर मुळीच नाही.

हक्काचं झालं. आता कामाचं. रॅपिअर बसवायला कंपनीचा माणूस येईल आणि काही दिवस थांबेल. तो आहे तोवर त्याच्या मागून हलू नका. धागा कुठं तुटतोय हे आवाजावरून ओळखणारा माणूस शेडमध्ये एकच आहे आणि मालकाला ते माहीत आहे. स्क्रीनवरचा कोड वाचता आला तर त्या चार माणसांत तुम्ही असाल. जेकार्डचे, म्हणजे विणीतल्या नक्षीचे, पुठ्ठे मारणारे होते, त्यातले काही काँप्युटरवर डिझाईन करायला शिकले, काही घरी बसले. घरी बसलेले कमी हुशार नव्हते, त्यांना कुणी वेळेवर सांगितलं नाही. पानिपतच्या मिंक ब्लँकेटपुढं चादरीचा धंदा आधीच दमलाय, त्यामुळं जुने लूम परत येतील या आशेवर थांबू नका.

मुलगी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. टॅली येतं. सगळे म्हणतात एआय आलं, आता अकाउंटची कामं संपली. तिला पुण्याला पाठवू का?
– एक वडील, जुळे सोलापूर

नुसत्या नोंदी करायचं काम जाणार, हे खरं धरा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2023 च्या अभ्यासात म्हटलंय की या एआयची झळ सगळ्यात जास्त कारकुनी कामाला लागेल आणि ती कामं बायका जास्त करतात, म्हणून त्यांना जास्त लागेल. बिल स्कॅन केलं की नोंद आपोआप पडते, हे चाटी गल्लीतल्या दुकानातही दिसायला लागेल.

पण दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीचं 2बी, म्हणजे माल देणाऱ्या पार्ट्यांनी भरलेल्या बिलांची यादी तयार होते आणि त्यात एखाद्या पार्टीचं बिल दिसत नाही, तेव्हा खरं काम सुरू होतं. बिल भरलंच नाही, की चुकीच्या नंबरावर भरलं, की पार्टी पैसे अडकवायला बघतेय? फोन करून, कधी तेलुगूत, कधी कन्नडमध्ये, गोड बोलून ते सोडवावं लागतं. तुमच्या मुलीला हे येतं का, हे आधी बघा. एखाद्या सीएकडं रिटर्नच्या हंगामात बसवा, पगार थोडा मिळाला तरी चालेल. पुण्याचं नंतर बघू. हुतात्मा एक्स्प्रेस रोज सुटते, पण तिकडच्या खोलीचं भाडं पहिल्या पगारातून निघत नाही.

घरबसल्या टायपिंगचं काम आहे, महिना अठरा हजार. आधी अडीच हजार नोंदणी फी मागतात. भरू का?
– एक गृहिणी, विजापूर रोड

नाही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. भरले असतील आणि आता ‘चुका जास्त झाल्या, करार मोडला, वकिलाची नोटीस येईल’ असे फोन येत असतील तर घाबरून आणखी भरू नका. 1930 या नंबरवर सायबर तक्रार नोंदवा, बँकेलाही त्याच दिवशी कळवा.