ऑनलाइन पोकरमध्ये कंपनीचाच माणूस आपली पानं बघून खेळत असेल, तर ते आपल्याला कळू शकतं का?

कळू शकतं. पण साइटवर मिरवलेलं आरएनजीचं, म्हणजे पत्ते पिसणाऱ्या प्रोग्रामचं, सर्टिफिकेट बघून नाही, आणि सपोर्टला मेल टाकून तर नाहीच.

मी ऐरोलीत डेटाबेसचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवत नाही. सर्टिफिकेट सांगतं ते एवढंच, की पत्ते नीट पिसले जातात. पिसून वाटलेली पानं सर्व्हरवर असतात आणि ती हात, म्हणजे एक डाव, चालू असताना कोणाला वाचता येतात, याबद्दल त्या कागदात अवाक्षर नसतं. चोरी तिथे होते. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर हेच झालं. 'पोटरिपर' नावाच्या खात्याने स्पर्धा जिंकली, तीही असे कॉल करून, म्हणजे समोरच्याने लावलेले पैसे भरून, की बघणारे चक्रावले. दुसऱ्या आलेल्या खेळाडूने आपल्या हातांची नोंद मागितली, तर कंपनीने चुकून सगळ्यांच्या पानांसकट अख्खी फाइल पाठवली. त्यात दिसलं की एक निरीक्षक खातं टेबलावर येऊन बसलं आणि तिथून पुढे पोटरिपरला सगळं दिसायला लागलं. अल्टिमेटबेट या दुसऱ्या साइटच्या अशाच प्रकरणात तर १९९४ चा विश्वविजेता रस हॅमिल्टन याचं नाव आलं. खेळाडूंना सुमारे २.२ कोटी डॉलर परत करावे लागले. दोन्ही ठिकाणी चोर पकडला तो खेळाडूंनी, आकडे मांडून.

माझा आतेभाऊ कोपरखैरण्याला राहतो. एका देशी साइटवर तो बरीच वर्षं खेळायचा, हिशेबाची वही ठेवून. एकाच आयडीपुढे तो सारखा मार खायला लागला, तेव्हा त्याच्या सगळ्या हँड हिस्टरी, म्हणजे खेळलेल्या हातांच्या नोंदी, मी एक्सेलमध्ये घेतल्या. समोरच्याची पानं आपल्याला माहीत नसतात, पण स्वतःची तर असतात! म्हणून रिव्हरवर, म्हणजे टेबलावरचं शेवटचं पान उघडल्यावर, भावाने लावलेल्या बेटचे दोन ढीग केले. एकात खरा हात, म्हणजे चांगली पानं असलेले, दुसऱ्यात निव्वळ ब्लफ, म्हणजे पानं नसताना मारलेली थाप. चांगला खेळाडूसुद्धा कधी ब्लफला घाबरून पानं टाकतो, कधी खऱ्या हाताला पैसे देऊन बसतो. हा आयडी ब्लफ दिसला की कॉल करायचा आणि खरा हात असला की फोल्ड, म्हणजे पानं टाकायचा. जवळपास प्रत्येक वेळी. एक हात तर मला अजून पाठ आहे. बोर्डवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पानांत, राजा, नव्वी, चौकी, दुर्री आणि शेवटी काळी सत्ती. भावाकडे बदामाची अठ्ठी-छक्की, फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, हुकलेला. त्याने सगळे चिप्स पुढे ढकलले, आणि समोरच्याने गुलाम-दश्शीवर, साधी जोडीही नसताना, कॉल केला. ते पान कोणी अंदाजाने खेळत नाही.

सपोर्टचं उत्तर आलं, आमचा आरएनजी प्रमाणित आहे. आम्ही तक्ता जोडून पुन्हा लिहिलं, तेव्हा ते खातं बंद झालं. कारण सांगितलं नाही, पैसे परत आले नाहीत.

याच्यावरून थोरल्या दादाशी जो वाद झाला तो आजही मिटलेला नाही. गणपतीच्या जागरणाला नौपाड्याच्या घरी, सगळ्यांदेखत तो म्हणाला, "हरणाऱ्याला नेहमी पत्तेच लावलेले दिसतात." दादा बँकेत ऑफिसर. त्याच्या शाखेत एकाने टाकलेली एन्ट्री दुसऱ्याने पास केल्याशिवाय पैसे हलत नाहीत, तिजोरीला दोन किल्ल्या दोघांकडे असतात. हे काय बाहेरच्या दरोडेखोरासाठी आहे? आतल्या माणसावर आंधळा विश्वास ठेवायचा नसतो, हे तो रोज सहीने मान्य करतो. मग गेमिंग कंपनीचा ॲडमिनच तेवढा देवमाणूस कसा? मी कामावर बघतो ना, लाइव्ह डेटा वाचायचे हक्क किती जणांकडे पडून असतात, आणि त्याची लॉग तपासायचं काम कधीकधी त्याच माणसाकडे असतं. साइटला विचारायचं ते हे: हात संपेपर्यंत पानं कुठल्या कर्मचाऱ्याला दिसतात आणि लॉग कोणाच्या ताब्यात असते? मला आजवर कोणी उत्तर दिलेलं नाही.

आता हेही सांगतो, की थोड्याशा हातांवरून कोणाला चोर ठरवू नका, त्यात नशीबच दिसतं. दोघं मिळून खेळत असतील तर त्यांना एकमेकांची पानं कळतात, तुमची नाही, त्यामुळे तुमच्या ब्लफपुढे ते चुकत राहतात. बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा प्रोग्राम, तोही चुकतो. तुमच्यापुढे कधीच न चुकणाऱ्यावर शंका घ्या. पण दरवेळी आतला माणूसच असेल असंही नाही. २०२३ मध्ये जीजीपोकरवर एका खेळाडूने बाहेरूनच, ॲपमधली फट वापरून, आपण जिंकण्याची शक्यता किती हे काढलं होतं.

आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने आपल्याकडे पैशांवरचा ऑनलाइन पोकर बंदच झालाय. कारवाई साइट चालवणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही, पण परदेशी ॲपवर खेळत असाल तर तक्रार घेऊन कोणाकडे जाणार? जुन्या साइटवरून हँड हिस्टरी अजून उतरवता येत असेल तर आजच उतरवून घ्या.